प्रीमेडचं पहिलं गणित, बाबांचे ८८ आणि तुझे ६४

पत्र: ताई, मी आठवीपर्यंत नाशिकला मराठी शाळेत होते, मग आम्ही न्यू जर्सीला आलो. आता सप्टेंबरमधे कॉलेज सुरू होतंय, मेजर, म्हणजे मुख्य विषय, बायॉलॉजी, प्रीमेड. पहिल्या सेमिस्टरला बायो, जनरल केमिस्ट्री लॅबसकट आणि रायटिंगचा कोर्स एवढं नक्की आहे, चौथा गणिताचा कुठला घ्यायचा यावरून घरात रोज वाद. बाबा इंजिनिअर आहेत, ते म्हणतात कॅल्क वन, म्हणजे कॅल्क्युलसचा पहिला कोर्स, घे आणि लगेच कॅल्क टू. आईने बारावीला पीसीबी घेतलं होतं, ती म्हणते डॉक्टरला गणित कशाला, उगाच ग्रेड जाईल. सीनियर मुली म्हणतात मेडिकल स्कूलला कॅल्क्युलस लागतच नाही, स्टॅट्स घे आणि मोकळी हो. मी हायस्कूलला प्रीकॅल्क, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचं गणित, केलं, बी आला. नंतर एपी स्टॅटिस्टिक्स (हायस्कूलमधेच करायचा कॉलेजच्या तोडीचा कोर्स) केलं, त्यात पाचपैकी ४ आहेत. कॅल्क्युलस कधीच केलेलं नाही. कॉलेजची अ‍ॅलेक्स प्लेसमेंट टेस्ट घरून दिली त्यात ८८ आले, कॅल्क वनला ७६ लागतात. खरं सांगायचं तर तेव्हा बाबा शेजारी बसले होते. मग एकदा एकटीने दिली तर ६४. कॉलेज दोन्हीतला जास्तीचा स्कोअर धरतं. काय घेऊ?
– गोंधळलेली, एडिसन

उत्तर:

अगं गोंधळलेली, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला शेवटच्या तीन-चार ओळींपाशी अडकले. सगळं पत्र कॅल्क की स्टॅट्स यावर आणि मुद्द्याची गोष्ट जाता जाता शेपटासारखी लावलीयस, "बाबा शेजारी बसले होते". तिथे येतेच मी. पण आधी घरातली भांडणं मिटवू, कारण आई, बाबा आणि त्या सीनियर मुली, सगळेच थोडे थोडे बरोबर आहेत आणि म्हणूनच तुला कोणाचंच खोडून काढता येत नाहीये.

आईपासून सुरू करू. आई जे म्हणते ते ती ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्यावर अगदी खरं आहे. महाराष्ट्रात दहावी झाली की घरात पहिला प्रश्न, ग्रुप कुठला. पीसीबी घेतलं की गणिताला रामराम, आणि आजही नीटची परीक्षा ७२० मार्कांची आहे आणि त्यात गणित नावाचा विषयच नाही, फिजिक्स केमिस्ट्री बायॉलॉजी बस. बारावीनंतर थेट एमबीबीएस. इथे तसं नाहीये ना. इथे आधी चार वर्षांची डिग्री, कुठल्याही विषयात, आणि मग चार वर्षं मेडिकल स्कूल, आणि प्रीमेड हा मुळात मेजर नाहीच, तो फक्त मेडिकल स्कूलला अर्ज करायची तयारी करणाऱ्या मुलांचा एक रस्ता आहे. म्हणजे तुला दोन वेगवेगळ्या लोकांच्या अटी पाळायच्यात, एक तुझं बायॉलॉजी डिपार्टमेंट ज्याच्याकडून डिग्री घ्यायची आणि दुसरी मेडिकल स्कूल्स, आणि या दोघांचं आपसात काही बोलणं होत नाही. सगळा घोळ इथे होतो. सीनियर मुली सांगतात ते मेडिकल स्कूलचं, आणि कॅल्क्युलस मागत असतो तो बऱ्याचदा मेजर.

त्यामुळे पहिलं काम, आज रात्रीच कर, तुझ्या कॉलेजच्या कॅटलॉगमधे बायॉलॉजी मेजरचं पान उघड आणि गणिताच्या ओळीत काय लिहिलंय ते बघ. बहुतेक ठिकाणी कॅल्क वन असतंच, त्यापुढे कॅल्क टू किंवा स्टॅट्स असा पर्याय असतो. बीएस असेल तर जास्त, बीए असेल तर कधी कधी कमी. हे पान बघितल्याशिवाय कोणाचंही ऐकू नकोस, माझंही. आपल्या लोकांची सवय असते ना, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाच्या तरी वहिनीच्या भाच्याने काय घेतलं ते विचारायचं आणि कॅटलॉग उघडायचा नाही.

आता सीनियरांचं. "मेडिकल स्कूलला कॅल्क्युलस लागत नाही" हे बऱ्याच स्कूल्सच्या बाबतीत खरं आहे, सगळ्यांच्या नाही. एकेकाळी वर्षभर कॅल्क्युलस मागायची पद्धत जास्त होती, हळूहळू ती कमी झाली. २००९ साली एएएमसी, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी मिळून एक रिपोर्ट काढला, त्यात म्हटलं होतं की अमुक नावाचे कोर्स केले का हे बघत बसण्यापेक्षा मुलाला काय करता येतं ते बघा, आकड्यांवरून विचार करता येतो का, डेटा वाचता येतो का. तेव्हापासून स्टॅटिस्टिक्सचं वजन वाढत गेलंय. टेक्सासमधल्या बहुतेक मेडिकल स्कूल्सना तर स्टॅट्सचा एक कोर्स लागतोच. उलट दुसऱ्या टोकाला हार्वर्ड आणि एमआयटीचा मिळून एचएसटी नावाचा प्रोग्राम आहे, तिथे डिफरन्शियल इक्वेशन्सपर्यंत गणित आलेली मुलं हवी असतात. प्रत्येक स्कूलची अट एएएमसीच्या एमएसएआर नावाच्या डेटाबेसमधे मिळते, पूर्ण बघायला पैसे भरावे लागतात पण आत्ता पहिल्या वर्षाला त्याची गरज नाही, प्रत्येक स्कूल आपल्या वेबसाइटवर फुकट लिहितंच. तुझ्या राज्यातली आणि शेजारची चार-पाच स्कूल्स बघ, एका संध्याकाळचं काम आहे.

आणि एमकॅटला, म्हणजे मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेला? एमकॅटमधे कॅल्क्युलस नाही. डेरिव्हेटिव्ह नाही, इंटिग्रेशन नाही. अंकगणित, अल्जेब्रा, लॉग, थोडी ट्रिग, व्हेक्टर, आणि आलेख-तक्ते वाचून त्यावरून निष्कर्ष काढणं. फिजिक्सही अल्जेब्राच्या जोरावर सुटेल असंच. आणि कॅल्क्युलेटर मिळत नाही! हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हायड्रोजन आयन तीन गुणिले दहाचा उणे चौथा घात, पीएच किती, हे डोक्यात. तीनचा लॉग साधारण ०.४८, म्हणजे चारातून अर्धा गेला, साडेतीनच्या आसपास, झालं, पर्याय टिक करायचा आणि पुढे जायचं. तू नाशिकला तीसपर्यंत पाढे घोकले असशील ते इथे वाया गेले असं तुला वाटत असेल तर नाही गेले. माझी आजी तर पावकी निमकी सुद्धा म्हणायची, तिने एमकॅटचं हे प्रकरण चहा पिता पिता उरकलं असतं.

मग बाबांचं काय. बाबांनी बारावीलाच डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन केलेलं आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी त्याच्या पुढचं, त्यामुळे त्यांना कॅल्क वन म्हणजे कॉलेजातलं बालवाडीचं गणित वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, ते त्यांच्या जागेवरून बघतायत. पण कॅल्क टू बायॉलॉजीच्या मुलीला पहिल्याच वर्षात "लगेच" कशाला हवं याचं उत्तर त्यांच्याकडेही नसेल, विचारून बघ. इंटिग्रेशनच्या युक्त्या आणि इन्फिनिट सिरीज, हे कॅल्क टू. फार सुंदर गणित आहे, मला स्वतःला शिकवायला सगळ्यात जास्त तेच आवडतं, पण मेजरने मागितलं नसेल तर तुझ्या फ्रेशमन वर्षात त्याची घाई नाही.

पण बाबांच्या बाजूने एक सांगते आणि आईलाही ऐकव हे. डॉक्टरला गणित कशाला, तर बघ. रक्तवाहिनी अर्ध्या त्रिज्येची झाली तर रक्ताचा प्रवाह अर्धा होत नाही, बाकी सगळं तेवढंच धरलं तर सोळावा हिस्सा होतो, कारण त्रिज्येचा चौथा घात येतो तिथे, आणि तो चौथा घात येतो कुठून तर नळीच्या आतल्या एकेका पातळ थराचा वेग धरून सगळ्यांची बेरीज केली की, म्हणजेच इंटिग्रेशन. औषधाचं अर्धायुष्य सहा तास असेल तर चोवीस तासांनी किती उरलं, पुन्हा सोळावा हिस्सा. औषध शरीरात एकूण किती पोचलं हे मोजायला तर सरळ आलेखाखालचं क्षेत्रफळच काढतात. रोज कोणी डॉक्टर इंटिग्रल सोडवत बसत नाही, हेही खरंच. पण हे एकदा समजून केलेल्या मुलीला फिजिऑलॉजी पाठ करावी लागत नाही तेवढी.

बरं, आता ते ८८ आणि ६४.

मी इथे पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवते, बरीच वर्षं झाली, दर फॉलला, म्हणजे सप्टेंबरच्या सेमिस्टरला, कॅल्क वनच्या वर्गात निम्मी मुलं प्रीमेड असतात. आणि दरवर्षी चार-पाच जणं अशी असतात की ज्यांची प्लेसमेंट टेस्ट बाबांनी किंवा दादाने किंवा रूममेटने दिलेली असते. कोणी कबूल करत नाही अर्थात, पण तिसऱ्या आठवड्यात कळतं. कसं कळतं सांगू? लिमिट म्हणजे काय ते त्यांना समजतं, डेरिव्हेटिव्हची कल्पनाही समजते, मान डोलावतात, प्रश्न सुद्धा चांगले विचारतात. आणि मग पेपरमधे एक्स अधिक एच, कंसाचा वर्ग, याचं उत्तर लिहितात एक्सचा वर्ग अधिक एचचा वर्ग. मधलं पद गायब. किंवा एक भागिले एक्स अधिक एच, वजा एक भागिले एक्स, इथे लसावि घ्यायचा असतो (तुला लसावि माहितीये, इथल्या मुलांना मी हा शब्द सांगू शकत नाही याचं मला फार वाईट वाटतं), तर तिथे खाली-वर जे दिसेल ते कापून टाकतात. कॅल्क्युलसमधे मुलं आपटतात ती अल्जेब्रावर आणि ट्रिगवर, कॅल्क्युलसवर फार थोडी.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी होती माझ्या वर्गात, हुशार, मेहनती, केमिस्ट्रीत ए. पहिल्या मिडटर्मला ४१. ऑफिस अवर्सला आली आणि रडली आणि म्हणाली मला गणित जमतच नाही. मी तिला एक साधं समीकरण दिलं, दोनचा एक्स घात बरोबर दहा, एक्स काढ. लॉग घ्यायचा हे तिला सुचलं नाही. तिला गणित जमत होतं गं, तिला चुकीच्या खोलीत बसवलं होतं, एवढंच. तोपर्यंत अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स बदलायची, तारीख गेलेली, शेवटी डब्ल्यू, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याचा शेरा, घेऊन बाहेर पडली आणि पुढच्या सेमिस्टरला, स्प्रिंगला, प्रीकॅल्क केलं. त्या सेमिस्टरचे पैसे गेले ते गेलेच, शिवाय तिचं मन खचलं ते वेगळं. घरी मात्र बरेच दिवस "मी कॅल्क करतेय" असंच सांगत होती.

म्हणून ८८ हा तुझा स्कोअर नाहीये, तो बाबांचा आहे, आणि बाबांना कॅल्क वनला बसायचं नाहीये. ६४ तुझा. आणि ६४ काही वाईट नाही हं! बऱ्याच कॉलेजांत ६१ ते ७५ म्हणजे प्रीकॅल्कला तयार, ७६ पासून कॅल्क, त्यामुळे तू दारापासून बारा पावलांवर उभी आहेस. तू प्रीकॅल्क करून एक वर्ष होऊन गेलंय, मधल्या वर्षात स्टॅट्स केलंस ज्यात ट्रिग नाही की लॉगचे नियम नाहीत, गंज चढणारच.

अ‍ॅलेक्सची एक चांगली गोष्ट म्हणजे टेस्ट झाल्यावर ते एक गोल तक्ता दाखवतात, कुठला भाग भरलाय कुठला रिकामा आहे, आणि त्याच्याबरोबर एक सरावाचा मॉड्यूल मिळतो जो तुझ्या रिकाम्या जागाच भरून घेतो. तो बहुतेक मुलं उघडतच नाहीत. आणि इथे त्या ८८ ने तुझं अजून एक नुकसान केलं असतं, मॉड्यूल शेवटच्या टेस्टवरून चालतो, त्यामुळे तू एकटीने परत दिलीस हे फार बरं झालं, नाहीतर तो तुला बाबांच्या रिकाम्या जागा शिकवत बसला असता. तुझ्याकडे अजून पाच-सहा आठवडे आहेत. रोज एक तास, सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत. लॉग आणि घातांक, ट्रिगची युनिट सर्कल, अपूर्णांकांची पदावली, फंक्शन म्हणजे काय, एवढ्या चार गोष्टी. मग ऑगस्टच्या शेवटी एकटीने, दार लावून, परत टेस्ट. बऱ्याच ठिकाणी एकूण पाच प्रयत्न देतात, तुझे किती उरलेत ते बघून घे, आणि दोन टेस्टच्या मधे काही तास मॉड्यूलवर घालवायची अट असते कधी कधी, तेही बघ.

७६ च्या वर आलीस तर कॅल्क वन घे, बिनधास्त. नाही आलीस, म्हणजे ७० वगैरे आले, तर फॉलला प्रीकॅल्क आणि स्प्रिंगला कॅल्क वन. कॉलेज तुला ८८ वर कॅल्कला बसू देईल, तरी नको. मला माहितीये प्रीकॅल्क म्हटल्यावर तुझ्या पोटात काय झालं असेल, "हायस्कूलमधे केलेलं परत?", आणि बाबा काय म्हणतील, आणि एडिसनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारणारच की हिने कॅल्क बीसी नाही केलं का, आमच्या आर्यनने दहावीतच केलं. करू दे आर्यनला. बायॉलॉजीच्या वाटेवर एक सेमिस्टर उशिरा कॅल्क करून कोणाचं काही अडत नाही, फिजिक्स तू बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी घेणार. इंजिनिअरिंगच्या मुलाचं अडतं, त्याची सगळी साखळी कॅल्कवर लटकलेली असते, आणि बाबांच्या डोक्यात ती साखळी आहे.

एक मात्र तपास. बऱ्याच कॉलेजांत जनरल केमिस्ट्रीला बसायला सुद्धा गणिताची अट असते, कॅल्कसाठी प्लेसमेंट झालेली किंवा प्रीकॅल्क झालेलं किंवा सोबत चालू असलेलं. तुझी केमिस्ट्री ८८ च्या जिवावर रजिस्टर झालेली असेल तर सांभाळून, अ‍ॅडव्हायजरशी बोलल्याशिवाय काही ड्रॉप करू नकोस. आणि अट नसली तरी, जनरल केमिस्ट्रीत मुलं जिथे बुडतात ना, बफर, पीएच, इक्विलिब्रियम, तिथे केमिस्ट्री कमी आणि लॉग आणि अल्जेब्राच जास्त असतं. म्हणजे या पाच आठवड्यांचा उपयोग दोन कोर्सना.

आता आईच्या "ग्रेड जाईल" या भीतीबद्दल, कारण ती भीती बिनबुडाची नाहीये. बहुतेक मेडिकल स्कूल्सना अर्ज जातो तो अ‍ॅमकॅस नावाच्या सिस्टिममधून, आणि ते तुझा एक वेगळा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढतात, बायॉलॉजी केमिस्ट्री फिजिक्स आणि मॅथ या चारांचा मिळून. स्टॅट्सही त्यात मॅथमधेच धरतात, प्रीकॅल्कही. कोर्स परत घेतला तर तुझं कॉलेज जुना ग्रेड पुसून नवा लावत असेल, अ‍ॅमकॅस पुसत नाही, दोन्ही धरतं. डब्ल्यू ट्रान्सक्रिप्टवर दिसतो पण जीपीएत मोजत नाहीत. पास-फेल घेतलंस तर जीपीएत मोजत नाहीत पण अटीच्या कोर्सला पास-फेल बऱ्याच स्कूल्सना आवडत नाही. म्हणजे सी आला तर तो कायमचा सोबत राहतो.

पण किती दुखतो तो, हेही हिशेबाने बघ, नुसतं घाबरू नकोस. समजा बायो, केमिस्ट्री आणि मॅथ प्रत्येकी चार क्रेडिटचे, पहिल्या दोनात ए (म्हणजे ४ गुण) आणि गणितात सी (म्हणजे २). तर चार, चार आणि दोनची सरासरी, ३.३३. मेडिकल स्कूलला प्रवेश मिळालेल्या मुलांचा एकूण जीपीए सरासरी ३.७५ च्या वरच असतो, त्यामुळे पहिल्या डिसेंबरला हा आकडा बघून मुलं हबकतात आणि त्यातल्या काही जणांनी त्याच आठवड्यात मेजर बदललेला मी बघितलाय. पण चार वर्षांत या चार विषयांची मिळून साठेक क्रेडिटं होतील, बाकी सगळीकडे ए धरला, म्हणजे फार आशावादी हिशेब आहे मान्य, तर तोच जीपीए ३.८७ होतो. एका सी ने कोणी डॉक्टर व्हायचं राहत नाही. राहतं ते त्या सी नंतर त्याच कच्च्या पायावर पुढचे तीन कोर्स रचल्यामुळे. म्हणून मी तुला प्रीकॅल्क सुचवतेय तेव्हा ते "सोपं घे आणि ए मिळव" म्हणून सुचवत नाहीये, तुला एकटीने ७६ आले असते आणि तू वरचं सगळं पक्कं करून आली असतीस तर कॅल्कच घे म्हटलं असतं, बी आला तरी चालेल म्हटलं असतं.

कॅल्क वन घ्यायची वेळ येईल तेव्हा अजून एक फाटा लागेल. मोठ्या कॉलेजांत कॅल्क वन दोन-दोन प्रकारचे असतात. न्यू जर्सीतल्या रटगर्स युनिव्हर्सिटीलाच बघ, १३५ नंबरचा लाइफ आणि सोशल सायन्सच्या मुलांसाठी आणि १५१ गणित, फिजिक्स, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएने तर लाइफ सायन्सच्या मुलांसाठी एलएस ३० नावाचा वेगळाच कोर्स काढला, त्यात शार्क आणि टूना माशांची संख्या एकमेकांमुळे कशी वर-खाली होते असल्या मॉडेलपासून गणित सुरू होतं आणि मुलं थोडं कोडिंगही करतात. तुझ्या कॉलेजात असं काही असेल आणि तुझा मेजर ते मानत असेल तर डोळे झाकून घे. लाइफ सायन्सचं कॅल्क म्हणजे हलकं, असं बाबा म्हणतील, थोडं हलकं असतंही, सिद्धता आणि ट्रिगची जडजड गणितं कमी, पण उदाहरणं तुझ्या कामाची. फक्त एक धोका आहे, तिथून इंजिनिअरिंगच्या कॅल्क टू ला सरळ जाता येत नाही बऱ्याच ठिकाणी. मनात कुठे तरी बायोमेडिकल इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, एमडी-पीएचडी असलं काही घोळत असेल, थोडंसं सुद्धा, तर मोठं कॅल्क घे. मोठ्यावरून छोट्याकडे यायला कोणी अडवत नाही, उलटं मात्र परवानग्या काढत फिरावं लागतं.

आता स्टॅट्स. सीनियर मुलींचं "स्टॅट्स घे आणि मोकळी हो" मला जरा खटकलं, म्हणजे सल्ला म्हणून चूक आहे असं नाही, त्यातलं ते "मोकळी हो" खटकलं. तुझ्याकडे एपीत ४ आहेत, कॉलेजने त्याचं क्रेडिट दिलं असेल तर पहिल्या सेमिस्टरला तोच प्राथमिक स्टॅट्स परत घेणं म्हणजे झालेला पाढा परत म्हणणं, आणि काही कॉलेजांत तसं केलं की एपीचं क्रेडिट काढूनही घेतात. शिवाय काही मेडिकल स्कूल्स एपीचं क्रेडिट मानतात, काही मानत नाहीत किंवा त्यावर त्याच विषयातला वरचा एक कोर्स मागतात. त्यामुळे एपीचं क्रेडिट ठेव, ट्रान्सक्रिप्टवर आलंय का ते बघ, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बायोस्टॅटिस्टिक्स घे. दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

आणि तो कोर्स मन लावून कर, कारण गणितातलं डॉक्टरला रोज लागणारं जे काही आहे ते यात आहे. एक गणित देते, आईला पण घाल रात्री जेवताना. एक लाख लोक, एक रोग हजारात एकाला असतो. टेस्ट अशी की रोग असलेल्या शंभरातल्या ९९ जणांना बरोबर पकडते आणि रोग नसलेल्या शंभरातल्या ९५ जणांना बरोबर सोडते. तुझ्यासमोर पेशंट बसलाय, टेस्ट पॉझिटिव्ह. त्याला रोग असण्याची शक्यता किती? सगळे ९५ किंवा ९९ टक्के म्हणतात. आता मोज. एक लाखात आजारी शंभर, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९,९००, त्यांचे पाच टक्के म्हणजे ४,९९५ उगाचच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५,०९४, खरे आजारी त्यातले ९९. दोन टक्क्यांहून थोडे कमीच! समोरचा माणूस घाबरून घाम पुसतोय आणि तुला हे माहिती असायला हवं की शंभरातले अठ्ठ्याण्णव वेळा त्याला काहीही झालेलं नाहीये, आणि तरी पुढची तपासणी करायला हवी, आणि हे त्याला समजेल अशा भाषेत सांगता यायला हवं. यात कॅल्क्युलस शून्य आहे, गुणाकार भागाकार आहे, पण चुकतात भले भले.

फॉलला गणितच नको, असा चौथा पर्याय तुझ्या मनात आला असेल, आईला तर आवडेल. नको. गणित सोडलं की विसरायला होतं, ते तुझ्या ६४ नेच दाखवलं ना.

राहता राहिले बाबा. ते टेस्टला शेजारी बसले त्यात त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आपल्याकडे मुलीला अडलं की बापाने सांगायचं यालाच अभ्यास घेणं म्हणतात, आणि अ‍ॅलेक्स ही परीक्षा नसून मापं घेणारा शिंपी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नसेल. शिंप्याकडे दुसऱ्याची मापं दिली तर ब्लाउज कोणाला बसणार. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना कामाला लाव. रोज संध्याकाळी अर्धा तास, पण एका अटीवर, पेन तुझ्या हातात, त्यांच्या हाताची घडी. तू फळ्यावर सोडवायचं आणि त्यांना समजावून सांगायचं, ते फक्त "का?" एवढंच विचारू शकतात. इंजिनिअर माणसाला गप्प बसणं जड जाईल पण दोन दिवसांत मजा यायला लागेल त्यांना. आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना विचार, एक भागिले एक्स अधिक एच, वजा एक भागिले एक्स. लसावि त्यांना आठवतो का बघूया.

ऑगस्टअखेरचा स्कोअर कळव मला, एकटीचा.